चौकातल्या नावांमागची माणसे

६ मे २०२२ ची सकाळ. दहाचा ठोका पडला आणि कोल्हापूर जागच्या जागी थांबले. रिक्षा उभ्या राहिल्या, रस्त्यावरची माणसे होती तिथेच स्तब्ध झाली. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. त्या शंभर वर्षांसाठी गावाने शंभर सेकंद दिले.

एरवी हे गाव सहजासहजी थांबणारे नव्हे. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे, तालमीचे, फुटबॉलचे आणि भांडणाचेही त्याला भारी वेड. पण त्या दिवशी सांगावे लागले नाही. शंभर सेकंद संपले, हॉर्न वाजू लागले आणि जो तो आपल्या वाटेला लागला. वाट कुठली? तर शाहूपुरीची, लक्ष्मीपुरीची, राजारामपुरीची. ही नावे आपण दिवसातून दहादा घेतो. पत्ता सांगताना घेतो, रिक्षावाल्याशी घासाघीस करताना घेतो. त्यांत कुणी राजा आहे, कुणी राणी आहे, याचे भानही राहत नाही. पुढे बिंदू चौक लागतो. तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते कुणी बसवले, कधी बसवले, असे घरातल्या शाळकरी पोराने विचारले, तर आपल्यापैकी किती जणांना चटकन उत्तर देता येईल?

म्हणून आजचा रविवार या माणसांसाठी. कोल्हापूरने महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला वळण देणारी माणसे दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्यात समान असे काय होते, हे पाहू लागले की एक गंमत ध्यानात येते. यांतला प्रत्येक जण आधीच्याचा वारस होता आणि प्रत्येकाने आधीच्याचे काही ना काही दुरुस्त केले.

वसतिगृहांचे गाव

सुरुवात महाराजांपासूनच करावी लागते. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंत हा मुलगा १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा वय अवघे वीस वर्षांच्या आत. दरबारात नजर टाकली, तर ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे, म्हणजे ब्राह्मण. बाकीची प्रजा शेतात, गोठ्यात आणि वेशीबाहेर. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज स्वतः विलायतेत असताना, करवीर सरकारचे गॅझेट निघाले. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील माणसांना द्याव्यात, असा तो हुकूम होता.

हुकूम काढणे राजाला अवघड नसते. पण नोकरीला लायक माणूस आणायचा कुठून? शिकलेला माणूस हवा तर त्याने शाळेत गेले पाहिजे. शाळा कोल्हापुरात आणि मुलगा पन्नास मैलांवरच्या खेड्यात. शहरात आला तर उतरणार कुणाच्या घरी आणि जेवणार कुणाच्या पंगतीला? ज्या काळी जातीबाहेरच्या घरात पाण्याचा तांब्याही मिळत नसे, त्या काळी गरीब पोराच्या शिक्षणातली खरी अडचण पुस्तकाची नव्हती, ती भाकरीची आणि निवाऱ्याची होती.

महाराजांनी हे ओळखले. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्याच साली जैनांचे, मग मुसलमानांचे, लिंगायतांचे आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. एकामागून एक अशी वसतिगृहे उभी राहत गेली, त्यांना जागा मिळाल्या, उत्पन्ने लावून दिली गेली. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदाही आला.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातच पक्की केली, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण तेव्हाच्या कोल्हापुरात सगळ्यांना एका छपराखाली घ्यायचे म्हटले असते, तर कित्येक आईबापांनी मुलगाच पाठवला नसता. महाराजांनी आधी मुलगा शहरात आणला. पुढची दुरुस्ती त्याच मुलांपैकी एकाने केली.

बोर्डिंगमधून घालवलेला मुलगा

हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला भाऊराव पाटील हा मुलगा जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. अभ्यासात बेताचा, अंगाने दांडगा आणि स्वभावाने हट्टी. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो हजर राहिला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले, की अस्पृश्यांत जाऊन आलास, तेव्हा आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचे नाही. भाऊराव म्हणाला, आंघोळ करणार नाही. शेवटी त्याला बोर्डिंग सोडावे लागले.

या बोर्डिंगची सूत्रे तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्या हाती होती. लठ्ठे हे काही सामान्य गृहस्थ नव्हेत. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७ सालच्या मुंबई प्रांतातल्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले आणि शाहू महाराजांचे पहिले मोठे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले. पण या प्रकरणाचा खरा शेवट १९१४ साली झाला. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातल्या एका पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना कोठडीत डांबून त्यांचा छळ करण्यात आला. ज्यांच्या बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले, त्यांच्याविरुद्ध बोलायची ही संधीच होती म्हणा ना. भाऊरावांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, पण खोटी साक्ष दिली नाही.

हे सारे घडले ते शाहू महाराजांच्याच राज्यात, हेही विसरता येत नाही. तरीसुद्धा भाऊरावांनी महाराजांशी नाते तोडले नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी सगळी पोरे एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत बसून खाऊ लागली. ती पोरे जगवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव ठेवले श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. महाराजांनी कोल्हापुरात जे करता आले नाही ते भाऊरावांनी साताऱ्यात केले आणि पाटी मात्र महाराजांच्या नावाची लावली. वारसा म्हणतात तो हा.

आणि बायका?

मोठ्या माणसांच्या याद्या काढायला बसले की त्यांत बायका कमीच येतात. कोल्हापूर त्याला अपवाद नाही. पण ज्या आहेत त्यांना वगळून हा इतिहास पुरा होत नाही. रखमाबाई केळवकर यांनी संस्थानातल्या मुलींच्या शाळांचा कारभार पाहिला. त्यांच्याच घरातल्या कृष्णाबाई केळवकर यांना महाराजांच्या मदतीने वैद्यकीचे शिक्षण घेता आले, त्या परदेशी जाऊन आल्या आणि कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी बायकांवर उपचार केले. पुरुष डॉक्टरला हात दाखवायला न धजणाऱ्या त्या काळातल्या बाईला याचे मोल काय वाटले असेल, ते आजच्या आज्यांना विचारावे.

दुसरी गोष्ट खुद्द महाराजांच्या घरातली. धाकटे चिरंजीव शिवाजी यांचे लग्न १९१७ साली झाले आणि पुढच्याच वर्षी शिकारीतल्या अपघातात ते गेले. मागे राहिल्या अकरा-बारा वर्षांच्या इंदुमती राणीसाहेब. राजघराण्यातल्या विधवा सुनेने पडद्याआड आयुष्य काढायचे, ही रीत. महाराजांनी त्यांना सोनतळीच्या कॅम्पवर ठेवले, शिक्षक नेमले, बरोबर शिकायला इतर जातींच्या मुली आणल्या. वाड्यात कुरकुर झाली, ती महाराजांनी मनावर घेतली नाही. १९१७ साली त्यांनी पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला होता. प्रजेला सांगितलेले घरात करून दाखवायची वेळ इतक्या लवकर आणि इतक्या कठोरपणे येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. इंदुमती राणीसाहेब मॅट्रिक झाल्या आणि पुढे त्यांनी स्वतः मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली.

राजाच्या गावात राजाविरुद्ध

आता बिंदू चौकाकडे वळू. तिथले दोन पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले ते भाई माधवराव बागल यांनी. तारीख पुन्हा एकदा वाचा. डॉ. आंबेडकर तेव्हा हयात होते, दिल्लीत कायदामंत्री होते. आपल्याकडे माणूस गेल्यावर पुतळा उभारायची पद्धत. बागलांनी जिवंत माणसाचा पुतळा भर चौकात, तोही फुल्यांच्या शेजारी उभा केला. याच आंबेडकरांना कोल्हापूर संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत, मार्च १९२० मध्ये, शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजाचे पुढारी म्हणून गौरवले होते. त्या वेळी ते एकोणतीस वर्षांचेही नव्हते. तीस वर्षांनी त्या ओळखीवर बागलांनी शिक्कामोर्तब केले.

माधवराव हे मूळचे चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. वडील खंडेराव बागल सत्यशोधक आणि ‘हंटर’ या पत्राचे संपादक. म्हणजे घरातच चाबूक होता म्हणायचा! शाहू महाराजांविषयी माधवरावांना अपार भक्ती. पण महाराज गेल्यानंतर संस्थानचा कारभार रयतेला जाचू लागला, तेव्हा हाच भक्त उभा राहिला. १९३९ साली जयसिंगपूरला प्रजा परिषद भरली. शेतसारा कमी करा, कारभारात प्रजेला वाटा द्या, अशा मागण्या झाल्या. बागलांना तुरुंग मिळाला. ज्या राजाने शिकवले त्याच्या गादीला प्रश्न विचारणे, याला काहींनी कृतघ्नपणा म्हटले. पण शिकलेला माणूस प्रश्न विचारणारच. त्याने विचारू नयेत अशी इच्छा असेल, तर शिकवायचेच कशाला?

या लढ्यात त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार. जन्म १५ सप्टेंबर १९०९. आडनावातच जातीचा धंदा असलेल्या घरातला मुलगा राजाराम कॉलेजात शिकतो, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होतो आणि पुढे देशाच्या घटना समितीवर जातो. भारताच्या राज्यघटनेवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत ही एक सही आपल्या शिरोळच्या मातीतली आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. वसतिगृहांच्या गावातून निघालेली ही पिढी राजेशाही संपवूनच थांबली.

चिमणीचा धूर आणि त्यानंतर

स्वराज्य आले. आता भाकरीचा प्रश्न शेताच्या बांधावर सोडवायचा होता. रत्नाप्पाण्णांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा केला. तिकडे तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या माळावर कारखाना आणि त्याभोवती शाळा, दूध, ग्राहक भांडार असे अवघे गावच वसवले. उसाला भाव ठरवणारा व्यापारी जाऊन शेतकरीच भागधारक झाला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले आणि इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. खेड्यातल्या मुलाला पदवीसाठी पुण्याकडे डोळे लावून बसायची गरज उरली नाही.

पण कारखान्याच्या चिमणीतून धूर निघू लागला तशी सत्ताही निघू लागली. भागधारक शेतकऱ्याचा कारखाना हळूहळू अमक्या घराण्याचा, तमक्या गटाचा म्हणून ओळखला जाऊ लागला. संचालक मंडळाच्या निवडणुकीला आमदारकीपेक्षा जास्त ईर्षा दिसू लागली. शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय इथे कुठल्याही पक्षाची सभा सुरू होत नाही. नाव घेण्याला पैसे पडत नाहीत, हे त्याचे एक कारण असावे.

ही दुरुस्ती करायला पुन्हा दोन माणसे उभी राहिली. दोघेही कोल्हापूरचे मूळ रहिवासी नव्हेत, आणि तरी त्यांच्याइतके कोल्हापूरचे कोण होते? प्रा. एन. डी. पाटील सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेत त्यांनी शिकवले, पुढे तिचे अध्यक्षपद सांभाळले. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा त्यांनी आयुष्यभर खाली ठेवला नाही. १९७८ ते १९८० या काळात ते राज्याचे सहकारमंत्री होते. मंत्रिपद गेल्यावर बहुतेक माणसांचा आवाज बसतो. एनडींचा चढला.

कॉ. गोविंद पानसरे अहमदनगर जिल्ह्यातल्या कोल्हारचे. शिकायला म्हणून कोल्हापुरात आले, पोटासाठी वर्तमानपत्रे विकली, शिपायाची नोकरी केली, मग वकील झाले. मोलकरणी, फेरीवाले, गिरणी कामगार हे त्यांचे पक्षकार. त्यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही १९८८ सालची छोटी पुस्तिका घरोघर गेली, कित्येक भाषांत गेली. आंतरजातीय लग्न करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी ते उभे राहत.

या दोघांना आजच्या तरुण कोल्हापूरकराने पाहिले ते टोलच्या आंदोलनात. शहरातले रस्ते खाजगी कंपनीकडून करून घ्यायचे आणि त्यापायी तीस वर्षे टोल द्यायचा, असा तो करार होता. ‘देणार नाही’ म्हणून अख्खे गाव रस्त्यावर उतरले. ऐंशी ओलांडलेले एन. डी., सत्तरी ओलांडून ऐंशीकडे निघालेले पानसरे, आणि मागे तालमीतली पोरे, रिक्षावाले, घरातल्या बायका. आंदोलन वर्षानुवर्षे चालले.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येताना पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरमध्ये, कोल्हापूरचा टोल रद्द झाला. गावाने गुलाल उधळला, तेव्हा हे पाहायला पानसरे नव्हते. एन. डी. १७ जानेवारी २०२२ रोजी गेले. त्या दोघांची उणीव कोल्हापूरला अजून जाणवते, विशेषतः एखाद्या प्रश्नावर सगळे पक्ष एकाच वेळी गप्प बसतात तेव्हा.

मोठा कुणाला म्हणायचे?

ही सगळी नावे एकापुढे एक ठेवली की मोठेपणाची एक साधी कसोटी हाती लागते. माणसाच्या मागे किती लोक चालले, याने त्याचे मोठेपण ठरत नाही. मागे चालणाऱ्या गर्दीला नेता लागतो, विचार लागत नाही. त्याच्या हाताखालून, त्याच्याच चुका दाखवू शकतील अशी किती माणसे तयार झाली, हे पाहावे. महाराजांच्या हाताखालून भाऊराव निघाले, बागल निघाले. भाऊरावांच्या संस्थेतून एन. डी. निघाले. आज आपल्या शिक्षण संस्थांतून, कारखान्यांतून, पक्षांच्या कचेऱ्यांतून कोण निघते आहे? होयबा निघत असतील, तर चौकाला कितीही थोरांची नावे द्या, काय उपयोग?

पण निराश व्हावे असेही नाही. शाहू महाराजांसाठी गाव शंभर सेकंद थांबले, त्याच आठवड्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावी एक गोष्ट घडली. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे, जोडवी काढायची, ही विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव हेरवाडच्या ग्रामपंचायतीने केला. ना कुणी महाराज, ना कुणी मंत्री. साधी ग्रामपंचायत. काही दिवसांतच राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हे उदाहरण घ्यावे असे सांगितले. सोनतळीवर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या त्या बारा वर्षांच्या सुनेपासून हेरवाडपर्यंत यायला शंभर वर्षे लागली. पण वाट तीच होती.

ठराव झाला म्हणजे चाल मोडली असे होत नाही. तो कागदावरून उंबऱ्याच्या आत यायला प्रत्येक घरातल्या सासूला, दिराला, लेकाला आपापली लढाई करावी लागेल. पुढच्या वेळी बिंदू चौकातून जाताना घरातल्या पोराने त्या पुतळ्यांविषयी विचारले, तर त्याला बागलांचे नाव जरूर सांगा. आणि जमले तर आपल्या घरातली कुठली चाल आपण मोडली, हेही सांगा.